कडक झालेली एपॉक्सी काढताना दगड कसा वाचवावा

जबलपूर : भेडाघाटला धुवांधार धबधबा पाहायला गेलेला प्रवासी सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. नर्मदेकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना दगडी वस्तूंची दुकाने आहेत. तेथून गणपती, नंदी, शिवलिंग, उदबत्तीचे घर, खलबत्ता असे काही ना काही घरी येते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातील आणि जबलपुरातील जुन्या मराठी घरांच्या शोकेसमध्ये भेडाघाटचा पांढरा दगड दिसला तर नवल वाटू नये. या पाषाणशिल्पाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

दगड नाजूक असतो आणि प्रवास धक्क्यांचा. गणपतीची सोंड किंवा नंदीचे शिंग तुटते. मग घरातील कोणीतरी दोन नळ्यांचा गोंद आणून, राळ आणि हार्डनर काडीने कालवून तुकडा जोडतो. जोड पक्का बसतो, पण कडेने ओघळलेला गोंद पुसायचा राहून जातो. तो कडक होतो आणि काही महिन्यांत पिवळसर दिसू लागतो. पांढऱ्या दगडावर ती रेघ लगेच डोळ्यांत भरते. हाच प्रकार स्वयंपाकघरातील ओट्यावर, न्हाणीघरातील टाइल्सवर आणि नळाच्या गळतीवर थापलेल्या एम-सीलच्या बाबतीतही घडतो.

डाग काढायला निघालेल्या माणसाला तीन उपाय चटकन सुचतात. सुरीने खरवडणे, संडास धुण्याचे ॲसिड ओतणे किंवा गॅसच्या ज्योतीवर धरणे. सुरीने दगडावर चरे पडतात, ॲसिडने दगडच खाल्ला जातो आणि ज्योतीने तो तडकू शकतो. गोंदाचा डाग एकवेळ झाकता येतो, झिजलेला दगड मात्र भरून येत नाही. म्हणून हात घालण्यापूर्वी हा पदार्थ काय आहे हे समजून घेणे फायद्याचे ठरते.

एपॉक्सीचा उगम दातांच्या कवळीशी जोडलेला आहे. १९३० च्या दशकात पिएर कास्तां हे स्विस रसायनतज्ज्ञ कवळीसाठी टिकाऊ राळ शोधत होते. दंतवैद्यकात ती फारशी चालली नाही, पण बाझेलच्या सिबा कंपनीने तिचे हक्क घेतले आणि १९४६ मध्ये ती ‘अराल्डाइट’ या नावाने गोंद म्हणून बाजारात आली. भारतात हे नाव इतके रुळले की अनेकांच्या तोंडी कोणताही दोन नळ्यांचा गोंद म्हणजे अराल्डाइटच. एम-सील हाही एपॉक्सीचाच, लांबीसारखा मळून लावण्याचा प्रकार आहे. ही दोन्ही नावे आज भारतात पिडिलाइट या एकाच कंपनीकडे आहेत. एम-सील २००० पासून आणि अराल्डाइट २०२० पासून.

नळीतून बाहेर येते तेव्हा राळ मधासारखी दाट असते. तिच्या रेणूंच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन अशा तीन अणूंची ताणलेली कडी असतात. हार्डनरमधील अमाइन हे कडे उघडते आणि त्या ठिकाणी स्वतः जोडले जाते. एक अमाइन रेणू अनेक कडी पकडत असल्याने काही तासांत चारही दिशांना गुंफलेले एक जाळे तयार होते. कच्ची माती पाण्यात कालवली तर विरघळते, पण भट्टीत भाजलेले मडके वर्षभर पाण्यात ठेवले तरी पुन्हा चिखल होत नाही. एपॉक्सीचे तसेच आहे. कडक झालेली एपॉक्सी घरात वापरता येईल अशा कोणत्याही द्रवात खऱ्या अर्थाने विरघळत नाही. चांगला द्रावक फार तर जाळ्यात शिरून तिला फुगवतो, पकड सैल करतो. म्हणून ‘एपॉक्सी विरघळवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

त्याआधी डाग एपॉक्सीचाच आहे का, याची खात्री करावी. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन घेऊन डागाच्या एका कोपऱ्यावर काही मिनिटे टेकवावे. डाग चिकट होऊन सुटू लागला तर तो फेविक्विकसारख्या झटपट गोंदाचा आहे आणि काम सोपे आहे. कोमट पाण्याने पांढरट व मऊ झाला तर फेव्हिकॉल. बोटाने दाबल्यावर रबरासारखा दबला तर सिलिकॉन. यांपैकी काहीच घडले नाही, डाग काचेसारखा कडक राहिला, तर तो बहुधा एपॉक्सीचा समजावा.

ओली असताना एपॉक्सी काढणे म्हणजे फडक्याचे काम. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या जलद प्रकारात ही संधी क्षणिक असते. नेहमीच्या, पूर्ण घट्ट व्हायला दिवसभर घेणाऱ्या प्रकारात मात्र तास-दीड तास हाताशी असतो. तेवढ्यात स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने डाग साफ निघतो. अनेकांना ठाऊक नसलेली एक मधली अवस्थाही असते. गोंद ओला नसतो, पण कडकही झालेला नसतो. खोबऱ्याच्या वडीसारखा कापला जातो. ओघळ ब्लेडने अलगद उचलून घेण्याची हीच वेळ. कारागीर तिचीच वाट पाहतात. जास्तीचा गोंद ओला असतानाच पुसायला गेले तर तो दगडाच्या छिद्रांत पसरतो, आणि पूर्ण कडक होऊ दिला तर काढताना दगड सोलतो.

ती वेळ निघून गेली असेल तर पहिला उपाय उष्णतेचा. घरगुती एपॉक्सी खोलीच्या तापमानाला घट्ट होते, त्यामुळे तिचे मऊ होण्याचे तापमानही फार वर नसते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ती कडकपणा सोडू लागते आणि ८० ते ९० अंशांपर्यंत बऱ्याच प्रकारांत नखाने खूण उमटण्याइतकी नरम होते. यासाठी केस वाळवण्याचा ड्रायर पुरतो. तो एका जागी रोखून न धरता फिरवत राहावा, चार-पाच मिनिटांनी कडेने सुटते का पाहावे आणि थंड होण्याच्या आत पुढचा हात मारावा. स्टीलची किंवा लोखंडाची छोटी वस्तू असेल तर ती जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावी आणि चिमट्याने बाहेर काढून लगेच गोंद उचकटावा. रंगकामाच्या हॉट एअर गनचे काम वेगळे. तिची हवा कित्येक शे अंशांवर जाते. त्या तापमानाला एपॉक्सी मऊ होत नाही, जळू लागते, आणि तिचा धूर छातीत जाणे घातक आहे. घरात ती गन न वापरणेच चांगले.

उष्णता दिल्यावर खरवडू नये, उचलावे. एपॉक्सीचा जोड सरळ ओढला किंवा आडवा सरकवला तर प्रचंड ताण सोसतो, पण कडेखाली पाते घालून वर उचलला तर त्यामानाने लवकर हार मानतो, कारण मग सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो. म्हणून डागाच्या माथ्यावर घासत बसण्यापेक्षा एका कडेला पाते शिरेल एवढी फट पाडावी आणि तेथून पापुद्रा सोलल्यासारखे पुढे सरकावे. तासभर घासूनही न निघालेला डाग अशा रीतीने काही मिनिटांत सुटू शकतो.

आता पात्याविषयी. खनिजांची कठीणता मोजण्याची एक जुनी श्रेणी आहे. १८१२ मध्ये फ्रेडरिक मोस यांनी ती मांडली. तिच्यात सर्वांत मऊ खनिजाला १ आणि हिऱ्याला १० अंक दिलेला आहे. आपले नख साधारण अडीच, तांब्याचे नाणे तीन, सुरीचे पोलाद साडेपाचच्या आसपास आणि गारगोटी सात. संगमरवरातील कॅल्साइट ३ वर येते, डोलोमाइट साडेतीन ते चारवर. भेडाघाटचा संगमरवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन्हींच्या कार्बोनेटांनी बनलेला आहे. म्हणजे पोलादी ब्लेड त्याच्यापेक्षा कठीण आहे आणि थोडा जास्त जोर पडला की चरा उठणारच. संगमरवरावर प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. मुदत संपलेले एटीएम कार्ड यासाठी उत्तम. ते पुरले नाही तर बांबूची टोकदार काडी घ्यावी. पोलादी ब्लेड वापरणे अगदीच भाग पडले तर ते दगडाला जवळजवळ समांतर ठेवावे.

भेडाघाटच्या दुकानांतील अनेक छोट्या मूर्ती मात्र संगमरवराच्या नसतात. त्या सोपस्टोनच्या, म्हणजे शंखजिऱ्याच्या जातीच्या दगडाच्या असतात. हात लावला तर साबणासारखा गुळगुळीत स्पर्श जाणवतो. त्यातील मुख्य खनिज टाल्क मोसच्या श्रेणीत १ वर आहे. म्हणूनच त्यावर इतके बारीक कोरीवकाम सहज होते, आणि म्हणूनच प्लॅस्टिकच्या कार्डानेही त्याच्यावर ओरखडा उमटू शकतो. विकत घेताना दुकानदार दोन्हींना ‘मार्बल’च म्हणतो. मूर्तीच्या तळाशी, दिसणार नाही अशा जागी, नखाने हलकेच घासून पाहावे. पांढरी पूड निघाली तर तो सोपस्टोन. त्यावरील गोंद उष्णतेने चांगला मऊ करून फक्त लाकडी काडीने काढावा. एक गोष्ट मात्र सोपस्टोनच्या बाजूची आहे. तो उष्णता फार चांगली सोसतो, तव्यासारखी भांडीही त्याची बनतात. संगमरवराचे तसे नाही. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने फुगतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित आक्रसतो. असे वारंवार किंवा एकदम झाले की कण एकमेकांपासून सुटू लागतात आणि दगड साखरेसारखा रवाळ होतो. त्याला ड्रायरची सौम्य ऊब पुरे. तापलेल्या दगडावर थंड पाणी तर मुळीच टाकू नये.

आता ॲसिड. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल कार्बोनेटाच्या दगडावर पडले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. तो फेस पाहून मळ निघतो आहे असा समज होतो. प्रत्यक्षात दगड निघत असतो. एपॉक्सी मात्र जागच्या जागी राहते, कारण सौम्य आम्लाचा तिच्यावर परिणाम होत नाही. परिणामी डाग तसाच आणि भोवतीची झिलई गेलेली. हा धोका केवळ संगमरवरापुरता नाही. महाराष्ट्रातील घराघरांत असलेला कडाप्पा, शहाबादी फरशी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचेच प्रकार आहेत, त्यांनाही हेच लागू. ग्रॅनाइट ॲसिडला बराच दाद देत नाही, पण म्हणून तेथे ॲसिड ओतावे असे नव्हे. धूर डोळ्यांत आणि घशात जातोच. शिवाय ते ब्लीचिंगच्या द्रवात मिसळले तर क्लोरीनसारखा विषारी वायू निघतो.

उष्णतेने भागले नाही तर द्रावकाचा लेप करून पाहावा. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फक्त डागावर ठेवून वर पॉलिथीनची पिशवी झाकावी, कडेने चिकटपट्टी लावावी आणि दोन-तीन तासांनी कड नरम पडली का पाहावे. जाड डागाला रात्रभर लागू शकते, मधे कापूस पुन्हा भिजवावा लागतो. एका बैठकीत वरचा पापुद्राच निघेल, मग दुसरा लेप. हे काम चिकाटीचे आहे, जोराचे नाही. आधी न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून चाचणी करावी, कारण सच्छिद्र दगडात सुटलेला पिवळेपणा आत शोषला जाण्याची शक्यता असते.

येथे सावधगिरीचे चार शब्द आवश्यक आहेत. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. शेजारच्या खोलीतील देवघरात तेवणारे निरांजन, पेटती शेगडी किंवा गिझरची पायलट ज्योत तिला पुरते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ज्योत विझवावी, आणि ॲसिटोन लावलेल्या जागी ड्रायर कधीही चालवू नये. आधी उष्णता आणि नंतर द्रावक करायचे असेल तर मधे वस्तू पूर्ण निवू द्यावी. आधी द्रावक असेल तर ते पूर्ण उडून जाऊ द्यावे.

हार्डवेअरच्या दुकानात रंग काढण्याचे द्रावण मिळते. त्यात डायक्लोरोमिथेन म्हणजेच मिथिलीन क्लोराइड असेल तर ते एपॉक्सीला खरोखर फुगवते आणि झटपट सुटे करते. पण हा द्रव बंद जागेत जीव घेतो. शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना थर काढणारे किमान १३ कामगार याच द्रावकाने दगावल्याची नोंद आहे. बाथटबमध्ये वाकून काम करताना जड वाफ त्यांच्याभोवती साचली होती. युरोपीय संघाने सामान्य ग्राहकांसाठी तो आधीच बंद केला होता. अमेरिकेने २०१९ मध्ये रंग काढण्याच्या द्रावणांत त्याच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली. डब्यावरील घटकांत हे नाव दिसले तर घरातील न्हाणीघरासारख्या कोंडलेल्या जागी तो डबा उघडू नये, एवढे तरी पाळावे.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. आज बाजारात येणाऱ्या पॉलिश केलेल्या संगमरवर आणि ग्रॅनाइटच्या अनेक लाद्यांच्या भेगा कारखान्यातच राळेने भरलेल्या असतात. पुष्कळदा मागच्या बाजूला जाळी लावून ती एपॉक्सीने चिकटवलेली असते. तीव्र द्रावक वरच्या डागाबरोबर या भरावालाही फुगवतो. डाग निघतो आणि त्या जागी आजवर न दिसलेली भेग उघडी पडते. ओट्यावर द्रावकाचा लेप देताना तो डागापलीकडे पसरू न देणे म्हणूनच महत्त्वाचे.

इतर पृष्ठभागांबाबत फार सांगण्यासारखे नाही. काच आणि चकाकीच्या टाइल्स यांना छिद्रे नसतात, त्यामुळे एपॉक्सीला रुतायला जागा मिळत नाही. हलकी ऊब देऊन ब्लेड तिरपे चालवले की खपली निघते. काच मात्र एकदम तापवू नये. टाइल्सच्या सांध्यांत भरलेल्या एपॉक्सी ग्राउटचा धुरकट थर राहिला असेल तर तो पहिल्या दिवसातच काढून घ्यावा, नंतर तो फार छळतो. सनमायका उष्णतेने फुगून सुटतो, म्हणून तेथे थोडी ऊब आणि प्लॅस्टिकची पट्टी. पॉलिश केलेल्या लाकडावर ॲसिटोन टाकले तर गोंदाआधी पॉलिशच जाईल. टीव्हीची चौकट, मिक्सरचे झाकण अशा प्लॅस्टिकच्या वस्तूंना ॲसिटोन लावूच नये, प्लॅस्टिक वितळते. सुती कपड्यावर कडक झालेला डाग बर्फाने गोठवून मोडता येतो, पण धाग्यांत मुरलेला भाग बहुधा राहतोच. घासावेच लागले तर कोरडे घासू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून वापरावा आणि नाकाला मास्क लावावा.

त्वचेची काळजी वेगळी घ्यावी लागते. हार्डनरमधील अमाइन त्वचेला झोंबते आणि एपॉक्सीची राळ काही लोकांत कायमची ॲलर्जी जडवते. पुढे किंचित स्पर्शानेही पुरळ उठते. ओला गोंद हाताला लागला तर साबण आणि पाणी, बस्स. ॲसिटोनने पुसले तर तो त्वचेत आणखी खोल जातो. कडक झालेला गोंद ओढून काढू नये. कोमट पाण्यात हात बुडवून, खोबरेल तेल चोळत राहिले की दोन-चार दिवसांत त्वचेच्या मृत थराबरोबर तो आपोआप सुटतो. डोळ्यात गेला तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि थेट डॉक्टर गाठावा.

गोंद निघाल्यावर दगडावर जी मंद, धुरकट जागा राहते, तिच्यासाठी संगमरवरावर ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून ८०० आणि १२०० असे पाण्यासह हलक्या हाताने गोल फिरवत जावे. सोपस्टोनला सर्वांत बारीक कागद पुरे. नंतर थोडे तेल किंवा मेण पुसले की रंग परत येतो. मोठ्या फरशीचे काम घरी करू नये. पॉलिशवाल्याला बोलवावे, आणि तो पॉलिशसाठी ॲसिड वापरणार असेल तर त्याला आधी एका कोपऱ्यात करून दाखवायला सांगावे.

वस्तू जुनी किंवा मोलाची असेल तर एक प्रश्न आधीच विचारायला हवा होता : येथे एपॉक्सी लावावी का? वस्तुसंग्रहालयांतील जतनतज्ज्ञ शक्य असेल तेथे ती टाळतात. केलेली दुरुस्ती उद्या पुन्हा उलगडता यावी, हा त्यांचा दंडक आहे. म्हणून छोट्या जोडांसाठी ते पॅरालॉइड बी-७२ नावाची ॲक्रिलिक राळ वापरतात. ती पन्नास वर्षांनीही ॲसिटोनमध्ये विरघळते आणि पिवळी पडत नाही. मात्र वजन पेलायचे असेल तेथे ती अपुरी ठरते आणि मग एपॉक्सीला पर्याय उरत नाही. इजिप्तमधील अबू सिंबेलचे मंदिर १९६० च्या दशकात कापून वर हलवण्यात आले, तेव्हा दगडाला बळकटी देण्यासाठी एपॉक्सी राळच वापरली गेली. आपल्या शोकेसमधील नंदीच्या शिंगावर तेवढे वजन येत नाही. देवघरातील मूर्तीचा प्रश्न वेगळा आहे. खंडित मूर्ती पूजेत ठेवायची की नाही हे ज्या त्या घराने आपल्या रीतीने ठरवावे. जोडायचीच ठरली तर ती अभिषेकाच्या गरम पाण्यापासून आणि उन्हापासून दूर ठेवावी, कारण गोंद पिवळा पडतो तो मुख्यतः उन्हातील अतिनील किरणांमुळे. आणि जोडलेल्या दगडी किंवा चिनी मातीच्या पेल्यातून चहा पिऊ नये.

पुन्हा जोड करताना दोन्ही बाजूंना भेगेलगत कागदी मास्किंग टेप लावावी. गोंद अगदी कमी, मधोमध घ्यावा, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आतच ठेवावा. दाबल्यावर तो स्वतःच कडेपर्यंत येतो. बाहेर आलाच तर टेपवर येईल, आणि वडीसारखा घट्ट झाल्यावर टेपसकट उचलला जाईल.